पाणी नितळ झालं तरी आम्ही थांबलो

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या धाकट्या लेकाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात त्राण नाही, भाताचा नुसता वास आला तरी उमासे. दीड महिना शाळा बुडाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा.

आम्ही पूर्व नागपुरात, बहादुरा फाट्याच्या पुढे एका लेआउटमध्ये राहतो. नळाची लाइन आमच्या गल्लीपर्यंत अजून आलेली नाही. घरामागे सासऱ्यांनी बांधलेली विहीर आहे आणि पंचवीस वर्षं आम्ही तिचंच पाणी पितो. विहीर खोदली तेव्हा चहूकडे वावरं होती. आता हजार-हजार फुटांचे प्लॉट, प्रत्येकाचा सेप्टिक टँक, प्रत्येकाचा शोषखड्डा. विहीर होती तिथेच राहिली, तिच्या भोवतालची जमीन बदलली. दवाखान्यात बसले असताना हे पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. फार आधी यायला हवं होतं.

हिवाळाभर पाणी उकळून प्यायलो. पाच माणसांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून रोज वीस लिटर. गॅस किती जातो ते उकळणाऱ्यालाच कळतं. मध्ये एक जण आरओ मशीन विकायला आला. त्याने पाण्यात मीटर बुडवला, आकडा ४६० आला, आणि म्हणाला, हे पाणी विष आहे. समोरच्या घरचे काका तेव्हा ओट्यावरच बसले होते. ते शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले. तो गेल्यावर म्हणाले, "सूनबाई, तो मीटर क्षार मोजते, जंतू नाही मोजत. पाचशेच्या आत टीडीएस असलं तर सरकारी मानकातही ते चालते. तुमचं दुखणं वेगळं आहे."

मग त्यांनी रेतीच्या फिल्टरचं सांगितलं. पेंच धरणाचं पाणी गोरेवाड्याच्या केंद्रात येतं, तिथे तुरटी घालून गाळ बसवतात आणि मग ते रेतीच्या थरांतून गाळतात. तो वेगाचा फिल्टर. त्याआधीच्या पिढीचा मंद रेती फिल्टर असतो. त्यात पाणी सावकाश उतरतं आणि रेतीच्या वरच्या बोटभर थरात सूक्ष्मजीवांची वस्ती होते. पाणी खरं स्वच्छ करते ती वस्ती. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात डेव्हिड मान्झ या प्राध्यापकांनी १९९० नंतरच्या वर्षांत त्याची घरात मावेल अशी आवृत्ती केली. मोठ्या फिल्टरमधून पाणी अखंड वाहतं ठेवावं लागतं. यांच्या फिल्टरमध्ये रेतीवर नेहमी पाच सेंटिमीटर पाणी उभं राहतं, त्यामुळे दिवसातून एक-दोनदाच पाणी ओतलं तरी ती वस्ती जिवंत राहते.

सासूबाईंना हे पटेना. "रेतीनं रोग जाते का वं? आम्ही नदीत झिरा खांदून पाणी पेलो, तेही रेतीतलंच होतं." त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. झिऱ्याचं पाणीही रेतीतूनच गाळून येतं. मी त्यांना हॅम्बर्गची गोष्ट सांगितली. १८९२ मध्ये जर्मनीतल्या त्या शहरात पटकी आली आणि साडेआठ हजारांवर माणसं गेली. त्याला लागूनच आल्टोना नावाचं गाव. दोघांचं पाणी एकाच एल्ब नदीचं. उलट आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गची घाण मिसळलेलं पाणी त्यांच्या वाट्याला. पण आल्टोनावाले ते रेतीतून गाळून घेत, हॅम्बर्गवाले तसंच पीत. दोन्ही गावांच्या शिवेवरच्या रस्त्यावर एका बाजूची घरं आजारी पडली, दुसऱ्या बाजूची वाचली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कर मंग. पण पोराले पहिले पाजू नको." तो शब्द मी पाळला.

काम काढलं मे महिन्यात. तयार साचा महाग पडत होता, म्हणून सिमेंट पाइपच्या दुकानातून आतून एक फूट रुंद पाइपचा मीटरभर लांब तुकडा आणला. मिस्त्रीने त्याला खालून सिमेंटचं बूड घातलं, बुडाजवळ भोक पाडून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप बसवला आणि तो बाहेरून वर नेला. वर जिथे तो पाइप वळून खाली तोंड करतो, त्या उंचीवरच आतलं पाणी थांबतं. यात फिरवायचं, उघडायचं, बंद करायचं काही नाही. वरून ओतलं तेवढं बाजूने बाहेर येतं. आठवडाभर सिमेंटवर पाणी मारलं, मग पाइप काठोकाठ भरून रात्रभर ठेवला आणि गळत नाही याची खात्री केली.

रेतीवर मिस्त्रीचा नि माझा वाद झाला. त्याचं म्हणणं, कन्हानची रेती सोडून दुसरं काही आणूच नका. बांधकामाला ती सोन्यासारखी हे खरंच. पण नदीच्या रेतीत पाला, शेवाळ, गुरांची घाण मिसळलेली असते. फिल्टरसाठी फोडलेल्या दगडाची चुरी बरी, कारण ती आतून कोरी असते. हिंगण्याच्या पुढच्या क्रशरवरून काळ्या दगडाची चुरी मागवली. ती चाळायची. बारा मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली पण सहाच्या चाळणीवर राहिलेली गिट्टी तळाला पाच सेंटिमीटर. तिच्यावर सहातून पडलेली पण बारीक जाळीवर राहिलेली बजरी पाच सेंटिमीटर. आणि बारीक जाळीतून पडते ती खरी रेती, पंचावन्न सेंटिमीटर. ही जाळी इंचाला चोवीस तारांची, म्हणजे कण पाऊण मिलिमीटरच्याही आतला. इतवारीत अशी जाळी मीटरवर मिळाली. चुरी ओली असली की जाळीतून पडतच नाही. पण नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. गच्चीवर ताडपत्रीवर पसरली की तासाभरात अशी कोरडी होई की हात भाजे. सकाळी सहा ते नऊ मी आणि मोठी लेक चाळायचो. साठ-पासष्ट किलो रेती चाळायला चार सकाळी गेल्या. तोंडाला ओढणी बांधूनच हे काम करावं, दगडाची धूळ छातीत गेलेली चांगली नाही.

धुणं मात्र चाळण्यापेक्षा अवघड निघालं, आणि तिथेच मी चुकले. घमेल्यात रेती घ्यायची, दुप्पट पाणी घालायचं, हाताने ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं. मला वाटलं, जितकी स्वच्छ तितकी चांगली. पंधरा-सोळा पाणी धुतली. आरशासारखं पाणी निघेपर्यंत सोडलं नाही. फिल्टर भरला, पाणी ओतलं आणि एक लिटरची बाटली ५५ सेकंदांत भरली. मला आनंद झाला. काकांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या रुंदीच्या फिल्टरला लिटरमागे दोन ते अडीच मिनिटं लागायला पाहिजेत. त्याहून वेगाने पाणी उतरलं की जंतूंना रेतीला चिकटायलाच सवड मिळत नाही. अति धुण्यात मी सगळे बारीक कण वाहवून टाकले होते, आणि पाण्याला अडवतात ते हेच कण.

सगळी रेती उपसली. नवी चुरी, नवं चाळणं. या वेळी सात-आठ पाण्यांवर थांबले. ओळखायची रीत अशी: काचेच्या बरणीत तळाला रेती, वर तेवढंच पाणी, बरणी गोल फिरवायची आणि तीन-चार सेकंदांनी बाजूने बघायचं. पाणी किंचित धुरकट असावं, पण त्यातून रेतीचा पृष्ठभाग दिसावा. दुधासारखं पांढरट असेल तर आणखी धुवा. अगदी काचेसारखं असेल तर जास्त झालं. लोणच्याची रिकामी बरणी त्या दिवसापासून गच्चीच्या कठड्यावरच ठेवली होती.

भरतानाही एक गोष्ट जपावी लागते. आधी पाणी, मग त्यात रेती. कोरड्या पाइपात रेती टाकून वरून पाणी ओतलं तर आत हवेचे फुगे अडकतात आणि पाणी त्या वाटांनी पळतं. रेती भरून, पाणी वाहायचं थांबल्यावर पट्टी बुडवून मोजलं. रेतीवर आठ सेंटिमीटर पाणी होतं. आणखी तीन सेंटिमीटर रेती घालून पाचावर आणलं. वरून ओतलेल्या पाण्याने रेतीत खड्डा पडू नये म्हणून जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, जुन्या गंजाला (पातेल्याला) बुडाशी तीन-तीन मिलिमीटरची भोकं पाडून तो वर टांगला. या वेळी बाटलीला दोन मिनिटं वीस सेकंद लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाणी आलं ते स्टीलच्या गुंडात (घागरीत) घेतलं तर तळाची कंपनीची मोहोर वाचता येत होती. विहिरीच्या पाण्यात ती कधी दिसली नव्हती. शेजारच्या वहिनी बघायला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढं चांगलं दिसून राह्यलं, आता कायले थांबतं?"

मी पाण्यातले जंतू तपासायच्या एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्या आणून ठेवल्या होत्या. ही तपासणी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शोधली. छोट्या बाटलीत औषध लावलेली पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि घरातच ठेवून द्यायची. विष्ठेतून आलेले जंतू असले की पाणी काळं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात वेगळी ऊब द्यावी लागत नाही. एका बाटलीत विहिरीचं पाणी, दुसरीत त्या नितळ गुंडातलं, दोन्ही देवघराशेजारच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीची बाटली शाईसारखी काळी होती. संध्याकाळपर्यंत नितळ पाण्याचीही काळी झाली.

ती बाटली मी सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावली. लेकाने किती वेळ ती फिरवून बघितली. "आई, हे मी पिलो असतो तर?" एवढंच म्हणाला. रेतीने गाळ अडवला होता, जंतू अडवायला जे लागतं ते अजून जन्मलंच नव्हतं. त्याला तीस दिवस लागतात. तोवर रोज पाणी ओतायचं, आलेलं पाणी भांड्यांना, झाडांना, आणि प्यायचं ते उकळूनच.

या तीस दिवसांत काही दिसत नाही. सकाळी एक बकेट, संध्याकाळी एक बकेट, रोज त्याच विहिरीचं. पाणी बदलायचं नाही, कारण ती वस्ती त्या एका पाण्याच्या अन्नावर वाढते. टँकर आला तरी त्याचं पाणी यात घातलं नाही. दोन खेपांत निदान एक तास जाऊ द्यायचा, म्हणजे आत अडकलेले जंतू खाऊन संपवायला त्या जिवांना वेळ मिळतो. आणि ४८ तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नाही. पंधराव्या दिवशी रेतीच्या वर तपकिरी झाक आली. मला बोट लावायचा मोह झाला, पण लावलं नाही. एकतिसाव्या दिवशी पुन्हा एचटूएसची बाटली भरली. दोन दिवस झाले, काळी झाली नाही.

मग जुलैत तेरवीसाठी चार दिवस वर्ध्याला जावं लागलं. माझा भाचा घरी अभ्यासाला राहिला होता, त्याला पाणी ओतायचं सांगितलं. पोरगा मनाने चांगला. बाहेरच्या पाइपातून थेंब थेंब गळून पाणी वाया जातं असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तोंडाला तोटी बसवली. "मामी, आता कसं, पाहिजे तेव्हा तोटी फिरवा अन् पाणी घ्या." आम्ही परतलो तेव्हा त्याने वरपर्यंत पाणी भरून, तोटी बंद करून ठेवलेली होती आणि दोन दिवस मित्राकडे जाऊन आला होता. रेतीवर पाच सेंटिमीटरऐवजी वीतभर पाणी. वरच्या थराला हवा लागते ती त्या पाच सेंटिमीटर पाण्यातून झिरपून. वीतभर पाण्याखाली ती पोचत नाही. तोटी उघडली आणि ओल्या चिंध्यांसारखा वास आला.

मी त्याला रागावले नाही. चूक माझी होती. ओतायचं कसं ते मी सांगितलं होतं, पण हे जिवंत आहे हे सांगितलं नव्हतं. तोटी काढली. भाच्याने स्वतः बाहेरच्या पाइपात तेवढं ब्लीचिंगचं पाणी सोडून तो धुतला. वरून ब्लीचिंग ओतायचं नाही, नाहीतर उरलंसुरलंही मरतं. आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. पुन्हा उकळणं आलं, ते ऐन पावसाळ्यात, जेव्हा हा फिल्टर सगळ्यात जास्त हवा होता. त्या महिन्यात मला रडू आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

त्यातच विहीर गढूळ झाली. फार गढूळ पाणी ओतलं की रेती चोंदते. पारखायची सोपी रीत काकांनी शिकवली. दोन लिटरची बाटली पाण्याने भरून वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी ठेवायची आणि तोंडातून खाली बघायचं. अक्षरं वाचता आली तर ओता, नाही आली तर आधी गाळ बसवा. सासूबाईंनी यावर आपली युक्ती काढली. मडक्याच्या आतून निवळीची बी घासायची, त्यात पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी मथळा दाखवायला लागलं. त्या दिवसापासून विहिरीचं पाणी निवळण्याचं खातं त्यांच्याकडे.

ऑगस्टच्या मध्यावर धार मंदावली, बाटलीला सहा मिनिटं लागायला लागली. हे चांगलं लक्षण, थर भरला असं समजायचं. भोकांचा गंज काढला, वरून थोडं पाणी घातलं, तळहात पाण्यात सपाट धरून हळूच गोल फिरवला, इतकाच की वरचा गाळ उठावा. ते गढूळ पाणी वाटीने काढून टाकलं. दोनदा केलं आणि धार पुन्हा अडीच मिनिटांवर आली. रेती बदलली नाही, खोल हात घातला नाही. यानंतरही काही दिवस पाणी कमी भरवशाचं असतं, कारण वस्तीला हात लागलेला असतो.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. लेकाची कावीळ विषाणूची होती. विषाणू जंतूंपेक्षा कितीतरी लहान, आणि रेती त्यांतले सगळे अडवत नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याला एकटा फिल्टर पुरत नाही. म्हणून फिल्टरचं पाणी झाकणाच्या गुंडात घेतल्यावर त्यात क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, आणि अर्धा तास थांबून मगच प्यायचं. विहिरीच्या गढूळ पाण्यात हेच थेंब टाकले असते तर क्लोरीन गाळातच खर्ची पडलं असतं. रेतीने पाणी आधी साफ केलं म्हणून थेंबांना काम करता आलं. आणि गुंडातलं पाणी ओगराळ्यानेच घ्यायचं, पेला बुडवायचा नाही. ही सवय लावायला फिल्टर बांधण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

गणपतीनंतर प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या आणून तीन नमुने दिले. फिल्टरमधून थेट घेतलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय ४ निघाले, क्लोरीननंतर शून्य. विहिरीच्या पाण्यात इतके की त्यांनी आकडा न देता 'मोजण्यापलीकडे' लिहिलं होतं. नायट्रेट लिटरमागे ३८ मिलिग्राम आलं. मर्यादा ४५ ची आहे. रेतीने नायट्रेट जात नाही, फ्लोराइड जात नाही, पाण्यात विरघळलेलं काहीच जात नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या ज्या गावांत फ्लोराइडचं दुखणं आहे तिथल्या नातेवाइकांनी हा फिल्टर बघून बांधायचा म्हटलं, तेव्हा आधी पाणी तपासून घ्या, असं मी हात धरून सांगितलं. आमचं नायट्रेट दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी नि पावसाळ्याच्या नंतर तपासायचं असं ठरवलं आहे, आणि विहिरीच्या काठाजवळच्या एका शोषखड्ड्याबद्दल शेजाऱ्यांशी बोलणं चालू आहे.

लेक आता ठणठणीत आहे. रोज सकाळी पहिली बकेट सासूबाई ओततात. दोन्ही हातांनी, सावकाश, गंजातलं पाणी उसळू न देता. परवा समोरच्या काकू घाईने ओतायला लागल्या तर त्यांनी हात धरला.

"हळू वं," म्हणाल्या, "खाली जीव आहे."